सहा चित्रे आणि एक माहितीपत्रक : अरबी घोड्याच्या मुखचित्राचा प्रकरण अभ्यास

शारजा अमिरातीच्या आतल्या भागात, अल धैदच्या वाटेवर असलेल्या एका खाजगी पागेतील अरबी घोड्यांची छायाचित्रे मी सलग पाच हिवाळे काढत आलो आहे. पाचव्या हिवाळ्याच्या अखेरीस पागेच्या मालकांनी त्यांच्या मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्याच्या, भिंतीसाठी सहा मोठी चित्रे मागितली आणि अट एकच घातली की घोडे त्यांचे असले तरी निवड माझी असावी. मी निवड केली, चित्रे छापून भिंतीवर लागली आणि त्यांपैकी चौथे चित्र माझ्या संमतीने पागेतील आठ वर्षांच्या वळूघोड्याच्या, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेल्या नराच्या, माहितीपत्रकावरही छापले गेले. दोन महिन्यांनी ते पत्रक पाहून घोडीला वळू शोधणारे एक गृहस्थ दुसऱ्या अमिरातीतून आले. त्यांनी घोडा बाहेर काढायला लावला, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चित्रातील डोके या घोड्याचे नाही, ते संगणकावर घडवलेले आहे, असे सांगून ते निघून गेले.

पागेच्या व्यवस्थापकांनी त्याच संध्याकाळी मूळ फाइल मागवून घेतली. ती पाहून त्यांचे समाधान झाले, कारण चित्रातील एकही रेषा हलवलेली नव्हती. उजेड किंचित वाढवला होता आणि गळ्याशी बसलेली एक माशी पुसली होती, एवढेच. मात्र माझे समाधान झाले नाही. आलेल्या गृहस्थांनी कारण चुकीचे सांगितले होते, पण त्यांच्या डोळ्यांना दिसलेली तफावत खरी होती. ती कशी निर्माण झाली याचा शोध मी पुढच्या आठवड्यात घेतला.

आधी घोड्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अरबी घोड्याच्या बाबतीत डोक्याला जे महत्त्व आहे ते आपल्याकडच्या बाजारात सहसा नसते. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी जनावर पाहणारा माणूस भोवरे, म्हणजे अंगावरची केसांची वलये, बघतो, कानांची कमान बघतो, चाल काढायला लावतो. अरबी घोड्याचा चाहता प्रथम बाजूने डोक्याची रेषा बघतो. रुंद आणि किंचित पुढे आलेले कपाळ, त्याखाली आत वळलेली, बशीसारखी खोलगट नाकाडाची रेषा, डोक्यात बरेच खाली बसवलेले मोठे डोळे, निमुळते होत गेलेले छोटे तोंड आणि पातळ कडांच्या मोठ्या नाकपुड्या हे या जातीचे मुखलक्षण मानले जाते. पेल्यातून पाणी पिता येईल एवढे तोंड बारीक असावे, असे कौतुकाने म्हटले जाते. घोडा अंगाने फार मोठा नसतो. त्याची उंची साधारणपणे 145 ते 155 सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे लक्ष डोके, मान आणि उचललेली शेपटी यांच्याकडेच जाते. युरोपातील अरबी अश्वसंघटनांच्या परिषदेच्या, म्हणजे एकाहोच्या, नियमांनुसार होणाऱ्या प्रदर्शनांत प्रत्येक घोड्याला जातीची लक्षणे, डोके व मान, धड व पाठीची रेषा, पाय आणि चाल अशा पाच सदरांत प्रत्येकी 20 पैकी गुण मिळतात. डोक्याचा विचार दुसऱ्या सदरात उघडपणे आणि पहिल्या सदरात आडून असा दोनदा होतो, हे या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'घोड्याचे व्यक्तिचित्र' हा शब्दप्रयोग मराठीत थोडा अडखळतो, म्हणून मी मुखचित्र म्हणतो. परंतु ज्याला स्वभाव आहे त्याला व्यक्तिचित्र का नसावे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

सहा चित्रांपैकी पहिले एकवीस वर्षांच्या घोडीचे आहे आणि ते धुक्यात काढलेले आहे. या भागात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वाळवंटावर दाट धुके उतरते आणि सूर्य वर आल्यावर तास-दीड तासात विरून जाते. ही घोडी जन्मली तेव्हा गडद तपकिरी होती. पांढरे होणारे घोडे असेच रंगीत जन्मतात आणि पुढच्या सहा-आठ वर्षांत केस पांढरे होत जातात. यामागच्या जनुकातील दुहेरी झालेला तुकडा 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी शोधून काढला. केस पांढरे झाले तरी कातडी काळीच राहते. आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, मूळचे नंदुरबारकडचे असून त्यांचे लहानपण घोडेबाजारात गेले आहे. मी तिला एकदा 'नुकरा' म्हटले तेव्हा त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केले : "दादा, नुकऱ्याची कातडी गुलाबी असते. हिला सब्जा म्हणायचं." धुक्याच्या चित्रात ही काळी कातडीच कामी आली. पांढरे अंग पांढऱ्या धुक्यात मिसळून गेले आणि डोळ्यांची काळी कड, नाकपुड्या आणि ओठ एवढेच उरले. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक अशा वेळी पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, म्हणून मापकाने सांगितल्यापेक्षा जवळजवळ दीड पायरी (स्टॉप) जास्त उजेड घेतला. तिच्या शेपटीखाली काळ्या गाठी आहेत. म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यांमध्ये त्या फार मोठ्या प्रमाणात आढळतात आणि त्यांचा संबंध त्याच जनुकाशी आहे. चित्रात त्या दिसत नाहीत, कारण ते मुखचित्र आहे. तरीही मी निवड करताना त्या मला ठाऊक होत्या.

दुसरे चित्र तीन आठवड्यांच्या शिंगराचे आहे आणि त्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. शिंगराचे वाईट चित्र काढणे अवघड असते. तिसरे एका कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या, घोड्याचे, मोकळ्या आवारात चौखूर उधळून थांबल्यानंतरच्या क्षणाचे आहे. त्यात नाकपुडी एवढी फुलली आहे की आतली लाल त्वचा दिसते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा श्वास फक्त नाकानेच होतो आणि म्हणून ही मोठी नाकपुडी सौंदर्याच्या यादीत असली तरी तिचे मूळ काम दौडीत हवा पुरवण्याचे आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

पाचव्या चित्रात फक्त डोळा आहे. आडवी बाहुली, बाहुलीच्या वरच्या कडेवर असणारे काळ्या द्राक्षांसारखे पुंजके आणि बुबुळात उमटलेले पागेचे दार. सहावे आहे मोतद्दारांच्या हातातल्या टोपलीतून चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, खाणाऱ्या घोडीचे. त्यात माणसाचा चेहरा नाही, पण अंगठ्यावरचा जुना व्रण आहे. मजलिसमध्ये बसणारे लोक या चित्राकडे सर्वांत कमी बघतात, असे मला सांगण्यात आले. मालकांना पाचवे आवडत नाही, कारण त्यात घोडा कोणता ते ओळखू येत नाही. हा आक्षेप मला मान्य नाही, पण समजतो.

चौथ्या चित्राची हकीकत अशी. फेब्रुवारीतील सकाळ होती आणि सूर्य वाळूच्या टेकडीवर जेमतेम वीत-दीड वीत आला होता. वळूघोडा प्रदर्शनाच्या बारीक साखळीच्या मोरखीत, म्हणजे तोंडावर चढवायच्या साजात, होता आणि त्याला मोतद्दारांनी धरले होते. नेहमीप्रमाणे मी 200 मिलिमीटरची लेन्स लावून सात-आठ मीटरवरून सुरुवात केली होती. कान पुढे यावेत म्हणून पागेतील मुलगा लांबून डब्यातली चंदी वाजवत होता. ही युक्ती तीन-चार वेळाच चालते आणि मग घोडा डब्याची किंमत ओळखतो. त्या सकाळी ती दुसऱ्याच खेपेला संपली. मी कॅमेरा बदलून 85 मिलिमीटरची लेन्स घेऊन घोड्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ सरकलो. अंतर अडीच मीटरच्या आसपास असेल. घोड्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचे दिसते, फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागचा पट्टा त्याच्या नजरेबाहेर राहतो. मी खांद्याकडून येत असल्यामुळे त्याने मला पूर्णपणे पाहिले होते. "तो कान देतोय ते डब्याला नाही, तुमच्या हालण्याला," मोतद्दार म्हणाले. तेवढ्यात लांबच्या आवारातून एक घोडी खिंकाळली. त्याने मान उचलली, तोंड माझ्यापासून पलीकडे वळवले, दोन्ही कान टवकारले आणि मी सहा-सात वेळा बटण दाबले. त्यातले तिसरे ते चित्र.

ते आजही मला या सहांत सर्वांत जास्त आवडते आणि आवडण्याचे कारण स्पष्ट आहे : त्यात घोडा कोणासाठीही उभा नाही. त्याचे लक्ष आमच्यात नाही, सूर्य पलीकडे असल्याने कपाळापासून नाकपुडीपर्यंतची कड उजळून निघाली आहे आणि अलीकडची बाजू सावलीत आहे. मानेची कमान मागच्या अंधारातून वर येते. छापलेल्या चित्रासमोर उभे राहिल्यावर नजर त्या उजळ कडेवरून खाली घसरते आणि मध्यावर असलेल्या खोलगट भागात थांबते. तक्रारीचा विषय हाच खोलगट भाग होता.

शोध घेताना मी प्रथम अंतराचा हिशेब मांडला. घोड्याचे डोके साधारणपणे 60 सेंटिमीटर लांब असते आणि डोळा नाकपुडीपासून सुमारे 40 सेंटिमीटर मागे असतो. छायाचित्रात एखादी वस्तू किती मोठी दिसते हे तिच्या आणि कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. म्हणून तोंडासमोर दीड मीटरवर उभे राहून चित्र काढले तर नाकपुडी 1.5 मीटरवर आणि डोळा 1.9 मीटरवर असतो, आणि तोंड डोळ्यांच्या मानाने सव्वापटीहून थोडे अधिक फुगते; हौशी मोबाइलचित्रांत अरबी घोडा गाढवासारखा दिसतो तो यामुळेच. आठ मीटरवरून हाच फरक 5 टक्क्यांवर येतो. त्या सकाळी मात्र उलटे घडले होते. तोंड माझ्यापासून पलीकडे वळलेले असल्यामुळे डोळा अडीच मीटरवर, तर नाकपुडी त्यापेक्षा सुमारे 25 सेंटिमीटर लांब होती. म्हणजे तोंड डोळ्यांच्या मानाने जवळजवळ दहा टक्के लहान आले. पेल्यातून पाणी पिणारे तोंड मला अर्धे घोड्याने दिले आणि अर्धे माझ्या उभ्या राहण्याच्या जागेने.

दुसरे कारण यापेक्षा महत्त्वाचे निघाले. घोड्याचे डोके डोळ्यांपाशी रुंद असते आणि नाकाडापाशी अरुंद. अगदी बरोबर बाजूने पाहिले तर कडेची रेषा म्हणजे कपाळ व नाकाडाची मधली रेषाच असते आणि खोलगटपणा असेल तेवढाच दिसतो. पण कॅमेरा थोडा मागे सरकला की अलीकडच्या डोळ्यावरचे रुंद हाड त्या कडेवर येते आणि कपाळाचा भाग आहे त्यापेक्षा पुढे आल्यासारखा दिसतो, तर अरुंद नाकाड जिथल्या तिथे राहते. दोहोंमधली दरी त्यामुळे खोल होते. कॅमेरा थोडा पुढे सरकला तर पलीकडच्या डोळ्यावरचे हाड हेच काम करते. त्यात पलीकडून आलेल्या तिरप्या उन्हाने ही कड नेमकी रंगवून दाखवली होती. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्यांतली एकही संगणकावर झालेली नव्हती.

हे सर्व मला आधी माहीत नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. कोनाचा परिणाम माझ्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असतो आणि आम्ही तो रोज वापरतो. मला माहीत नव्हते ते इतकेच की तिन्ही परिणाम एकाच चित्रात जमा झाल्यावर फरक किती होतो, आणि ते कळून घेण्याची गरज मला भिंतीसाठी चित्र निवडताना वाटली नव्हती. माहितीपत्रकाला संमती देताना वाटायला हवी होती.

पडताळा म्हणून आम्ही पुढच्या शुक्रवारी पहाटे त्याच घोड्याची चार चित्रे काढली. कॅमेरा तिपाईवर घोड्याच्या डोळ्याच्या उंचीला ठेवला, पहिल्या तीन चित्रांसाठी अंतर आठ मीटर धरले आणि लेन्स एकच ठेवली. पहिल्या चित्रात घोडा बरोबर आडवा. याची खूण अशी की पलीकडच्या डोळ्यावरचे हाड किंवा पापणी कडेबाहेर डोकावत नाही आणि अलीकडचे हाडही कडेपर्यंत येत नाही. मग तोंड थोडे पलीकडे, थोडे अलीकडे, आणि शेवटी चौथ्या चित्रासारखे जवळून. घोडा काही स्थिर मूर्ती नाही, त्यामुळे या चार चित्रांना दीड तास लागला आणि मोतद्दारांनी दोनदा पागेतील मुलावर आवाज चढवला. शेजारी शेजारी ठेवल्यावर मालकांना काही समजावून सांगावे लागले नाही. आडव्या चित्रातील घोड्याचे डोके चांगलेच आहे, त्याची रेषा मध्यम खोलगट आहे, पण ते माहितीपत्रकावरचे डोके नव्हते.

यावर मालकांचे म्हणणे असे होते की हे सगळेच करतात आणि घोडीचा मालक शेवटी प्रत्यक्ष घोडा पाहतोच. पहिला मुद्दा खरा आहे; दुसरा आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात आखाती बंदरांतून अरबी घोडे बोटीने मुंबईला येत आणि घेणारा माणूस भायखळ्याच्या पागांमध्ये जाऊन, दात पाहून, पायांवरून हात फिरवून सौदा करी. ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्सने आपला पांढरा अरबी घोडा व्होनोलेल 1877 साली मुंबईतच घेतला, तोही अशाच बाजारातून. आज गोठवलेले वीर्य थंड नळकांड्यातून हजारो किलोमीटर जाते आणि घोडीच्या मालकाने वळू पाहिला असेल तर तो पडद्यावर. अशा वेळी चित्र हे पुराव्याच्या जागी येते. मजलिसमध्ये चौथे चित्र पाहणारा पाहुणा त्यातून काही ठरवत नाही. माहितीपत्रक पाहणारा माणूस पुढच्या पिढीचे डोके ठरवत असतो.

आणि डोके ठरवणे ही केवळ रूपाची बाब नाही. 2017 साली अमेरिकेतील एका पागेने दाखवलेल्या काही महिन्यांच्या अरबी शिंगराची चित्रफीत जगभर फिरली. त्याच्या नाकाडाची रेषा इतकी आत गेलेली होती की अनेकांना ते व्यंगचित्रासारखे वाटले. काही पशुवैद्यांनी श्वासाबद्दल चिंता व्यक्त केली आणि पागेने शिंगरू निरोगी असून त्याला कसलाही त्रास नसल्याचे सांगितले. त्या एका शिंगराबद्दल मी काही मत देणार नाही. पण तिसऱ्या चित्रातील लाल नाकपुडी मला इथे आठवते. जो प्राणी तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्याच्या नाकाच्या वाटेला बाजाराची आवड वाकवू लागली तर त्या आवडीला खतपाणी घालणारी चित्रे कोणी काढली, हा प्रश्न विचारला जाईलच. माझ्या चित्रातील घोड्याला श्वासाचा काहीही त्रास नाही. पण माझ्या चित्राने जी अपेक्षा विकली ती त्याच्या डोक्याहून खोल होती.

चर्चा दोन बैठकांत संपली. माहितीपत्रक परत घेतले. नव्या पत्रकावर तीन चित्रे आहेत : आठ मीटरवरून काढलेले आडवे मुखचित्र, सपाट जमिनीवर चारही पाय दिसतील असा पूर्ण घोडा आणि समोरून छाती व पाय. पहिल्या चित्राखाली लेन्स, अंतर आणि 'बाजूने, समपातळीवर' एवढे शब्द छापले आहेत. व्यवस्थापकांना हा तपशील अनावश्यक वाटला होता, पण मालकांनी तो ठेवून घेतला. घोड्याच्या तोंडावर तेल चोळणे आम्ही या चित्रापुरते टाळले. मिशांचे लांब केस कापायचे नाहीत हेही ठरले, कारण ते घोड्याचे स्पर्शाचे साधन आहे आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जुलै 2021 पासून ते कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत उतरायला मनाई केली आहे. ज्या गृहस्थांनी तक्रार केली होती त्यांना व्यवस्थापकांनी नवे पत्रक आणि चारही पडताळाचित्रे पाठवली. त्यांनी उत्तर दिले, घोडी मात्र दुसरीकडे नेली.

चौथे चित्र भिंतीवरून काढावे का, असे मालकांनी मला विचारले. मी नको म्हटले. ते तिथेच आहे. फक्त मूळ फाइलच्या नावात मी 'पत्रकासाठी नाही' असे शब्द जोडले आहेत. त्याच्या शेजारची म्हातारी घोडी या उन्हाळ्यात बावीस वर्षांची झाली. धुके पुन्हा उतरेल तेव्हा तिचे आणखी एक चित्र घ्यायचे, असे मोतद्दारांनी मला दोनदा बजावले आहे.